न विचारता

मंगळवार, दुपार

लेका,

आशीर्वाद आहेतच, ते लिहून उगाच ओळ भरत नाही.

तू गेल्यापासून मला तुझा एक शब्द नाही. सुट्टीच्या दिवशी खाणीवरून खाली गावात उतरलास की फोन येतो तो तुझ्या बायकोला. ती बोलते, मग मला सांगते, "बरे आहेत, जेवतात." तू बरा आहेस आणि जेवतोस, एवढ्यावर मी भागवते. वडील गेल्यावर इस्त्रीचं दुकान बंद कर म्हणालास, मी नाही म्हटलं, आणि तू "बस मग कोळशात" म्हणून पिशवी उचलून गेलास. ते भांडण आहे तिथे राहू दे. पण घरात काय चाललंय ते तुला कळलं पाहिजे, म्हणून कागद घेतला. तुमच्या खाणीवर सामान नेणारा ट्रकवाला आत्ता समोर उभा आहे. त्याला म्हटलं, शर्टाला इस्त्री होईतो थांब. एक हात इस्त्रीवर आहे आणि एक पेनावर, तेव्हा अक्षर लावून घे.

तर ऐक. तुझी बायको आज सकाळी घरातून निघून गेली. मला न विचारता, न सांगता.

मी पुढच्या खोलीत कोळसे फुलवत होते. मागच्या खोलीतला भांड्यांचा आवाज थांबला, तेव्हा वाटलं बिट्टीला पाजायला बसली असेल. बऱ्याच वेळाने आत गेले तर भाजी अर्धी चिरलेली, सुरी तशीच पडलेली आणि दोघींचा पत्ता नाही. मागचं दार नुसतं ओढून घेतलेलं. शेजारची शिंपीण म्हणाली, "मावशी, तुमची सून बाळाला घेऊन बसस्टँडकडे जाताना दिसली. पायात एक चप्पल तिची आणि एक तुमची." म्हणजे घरात जी जोडी उरलीय तीही तशीच. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं लक्ष माझ्या पायांकडे जातंय.

बिट्टीला खोकला आहे. आता बरेच दिवस झाले. अंगही गरम असतं. पोरांना खोकला होतो, त्यात जगावेगळं काय? तुझं नाक तर शाळेत जायला लागलास तरी गळत होतं. मी तिच्या छातीला कोमट तेल चोळलं. समोरच्या औषधवाल्याकडून लाल औषध आणलं, त्याने गुण आला नाही म्हणून त्याने पिवळं दिलं. काल संध्याकाळी तुझी बायको म्हणाली, "आई, हिचा श्वास बघा."

मी म्हटलं, "बघितला. चालू आहे."

"फार जोरात चालू आहे. इथे बघा, आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो. लस टोचायला गेलो होतो तेव्हा सिस्टर म्हणाल्या होत्या, असा खड्डा दिसला तर थांबायचं नाही, लगेच आणायचं."

"सिस्टरला काय जातंय बोलायला. पिवळ्या औषधाला दोन दिवस तरी दे. आणि मोठ्या हॉस्पिटलात जायचं तर नवऱ्याला विचार. शुक्रवारी त्याची सुट्टी, तेव्हा फोन येईलच."

ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिने ऐकलं, असं मी लग्न झाल्यापासून समजत आलेय.

आता तूच सांग, हे बरोबर आहे का? घरात मोठं माणूस आहे, त्याला विचारायचं असतं. शिंपिणीने विचारलं तेव्हा मी "तिला मीच पाठवलंय" असं सांगितलं. खोटं बोलायची पाळी आली माझ्यावर या वयात. तू एकदा तिला नीट समजाव. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

शर्ट झाला. ट्रकवाला घाई करतोय. दुकान आज लवकर बंद करते आहे. गिऱ्हाईकच कमी आहे. जरा पाय मोकळे करायला बसस्टँडपर्यंत जाऊन येईन म्हणते, दुसरं काही कारण नाही.

तुझी आई


गुरुवार, हॉस्पिटलचा व्हरांडा

लेका,

बिट्टी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल.

ट्रकवाला आता शनिवारीच जाणार, तोवर हे माझ्या पिशवीत राहील. पण डोक्यात आहे तोवर लिहून ठेवते. इथे दुसरं कामही नाही. वॉर्डात एका पोरामागे एकच बाई आत बसू देतात. सूनबाई आत असते, मी बाहेर फरशीवर. ती अंघोळीला किंवा डबा खायला बाहेर आली की मी आत.

परवा मी बसस्टँडपर्यंत म्हणून निघाले. वाटेत आपला सरकारी दवाखाना लागतो, तिथे डोकावले. दाराला कुलूप. सिस्टर लसीच्या फेरीवर गेली होती. पायरीवर एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "एक मुलगी आली होती बाळाला घेऊन. कुलूप बघितलं आणि तशीच उलटी फिरली, टेकलीसुद्धा नाही." मग मी पाय मोकळे करता करता बसमध्येच बसले.

मोठ्या हॉस्पिटलात तू कधी आला नाहीस, तुला कल्पना नाही. केसपेपरच्या खिडकीपासून रांग निघते ती दालन ओलांडून पायऱ्या उतरून अंगणात येते. प्रत्येकीच्या खांद्यावर एक डोकं. मी तिला कशी शोधणार? पण गर्दीत मला आधी माझी चप्पल दिसली. तिने मला बघितलं. आणि काय केलं माहीत आहे? बिट्टीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. तिला वाटलं मी ओढून न्यायला आलेय.

बसमध्ये मी सगळं जुळवून ठेवलं होतं, काय काय बोलायचं ते. तिथे गेले आणि बिट्टीकडे बघितलं. ती रडत नव्हती. आपली बिट्टी, जी झोपेतसुद्धा तक्रार करते, ती नुसती श्वास घेत होती. तेवढ्याच कामाला लागली होती. ओठांचा रंग मला आवडला नाही.

मी सरळ खिडकीशी गेले. माझा आवाज तुला माहीत आहे, तुझे वडील म्हणायचे, हिला फोनची गरज नाही. मी तो सगळा आवाज काढला. खिडकीतला कारकून म्हणाला, "आजी, इथे सगळ्यांचीच पोरं आजारी आहेत." मी म्हटलं, "सगळ्यांचं मी बोलत नाही, माझ्या नातीचं बोलतेय." मागच्या बायका माझ्यावर ओरडायला लागल्या, मी त्यांच्यावर. शेवटी वॉचमन आला आणि त्याने मला दंडाला धरून जाळीच्या दाराबाहेर नेऊन उभं केलं. लग्नातसुद्धा माझा हात इतका घट्ट कुणी धरला नव्हता.

मी जाळीतून वळून बघितलं तर रांगेत सूनबाई नाही. ती आतल्या खोलीच्या दारातून पलीकडे गेली होती, जिथे सिस्टर टेबलाशी बसून एकेकीला नाव विचारते. मला जाळीतून सगळं दिसत होतं. तिने कुणाला काही विचारलं नाही. टेबलावरचे कागद हाताने एका बाजूला सारले, बिट्टीला तिथे निजवलं आणि तिचं झबलं गळ्यापर्यंत वर केलं. बस. हात मागे घेऊन उभी राहिली.

सिस्टरने रागवायला तोंड उघडलं होतं. तिची नजर खाली गेली. तोंड मिटलं. मग तिने बिट्टीला उचललं आणि पळाली. मी सिस्टर चिडलेली बघितली आहे, दमलेली बघितली आहे, पळताना कधी बघितली नव्हती. तिच्या मागे सूनबाई पळाली. मी जाळीला धरून उभी.

माझी एवढी जीभ, सगळी गल्ली तिला वचकून असते. तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

न्यूमोनिया आहे. सुया चालू आहेत, नाकात नळी आहे. ऑक्सिजनच्या एका मशीनला दोन नळ्या जोडल्यात, एक बिट्टीला आणि एक तिच्याच खाटेवरच्या दुसऱ्या बाळाला. खाटा कमी आहेत, म्हणून एकीचं डोकं इकडे, एकाचं तिकडे. पाय मध्ये येतात. तो मुलगा बिट्टीहून थोडा मोठा. त्याची आई फार लांबून आलीय, गाड्या बदलत. आम्ही तिला पलीकडची म्हणतो. दोघी आता एकच फणी वापरतात. मशीनचा सारखा गुणगुण आवाज चालू असतो. वीज गेली की तो थांबतो, आणि वॉर्डातल्या सगळ्या बाया एकदम उठून उभ्या राहतात, तोंडात घास असला तरी. मग सिस्टर येऊन नळ्या सिलिंडरला जोडते, तेव्हा त्या घास गिळतात.

डॉक्टरीणबाई लहानच आहे वयाने, डोळ्यांखाली काळी. परवा बिट्टीला तपासून म्हणाली, "वेळेवर आणलंत, बरं केलंत." म्हणताना बघत होती माझ्याकडे, मी मोठी म्हणून. मी मान हलवली. सूनबाई शेजारीच उभी होती.

मग बाईने विचारलं, "घरात धूर असतो का?"

सूनबाई म्हणाली, "थोडा असतो."

मला झाकत होती. मला ते सहन झालं नाही, का ते विचारू नकोस. मी म्हटलं, "थोडा नाही, बाई. पुढच्या खोलीत दिवसभर कोळशाची इस्त्री चालते. मधे दार नाही, नुसता पडदा आहे."

डॉक्टरीणबाईने मला नावं ठेवली नाहीत. म्हणाली, "इस्त्री बाहेर नेता येईल का बघा." सांगून पुढच्या खाटेकडे गेली.

काल दुपारी आम्ही दोघींनी अंगणात एका डब्यात खाल्लं. पलीकडची आत दोन्ही पोरांवर लक्ष ठेवून होती. मी सूनबाईला विचारलं, "एकटी निघालीस, भीती नाही वाटली?"

"वाटली."

"कशाची? गर्दीची?"

"तुमची," ती म्हणाली. "बस निघेपर्यंत वाटत होती. मग नाही वाटली."

सांगून तिने राहिलेला घास माझ्या बाजूला सरकवला. मी तो खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाने. सकाळी मी कपडे आणायला घरी जाऊन आले, तेव्हा डबा शिंपिणीने करून दिला होता, तिचा हात तिखटाला सैल आहे.

आज बिट्टीने डोळे उघडून मशीनकडे बघितलं. ताप उतरलेला नाही अजून.

आई


शुक्रवार, संध्याकाळ

लेका,

आज तुझा फोन आला. आत सिस्टर बिट्टीपाशी होती आणि मी सूनबाईच्या शेजारीच व्हरांड्यात बसले होते. तुला वाटत असेल तू तिच्याशी बोलत होतास. तुझा आवाज कुणावर गेलाय ते तुला माहीत आहे. खांबाला टेकून बसलेली अनोळखी माणसंसुद्धा ऐकत होती.

"आईला न विचारता गेलीसच कशी? घरात मोठं माणूस आहे की नाही? मी इथे दगड फोडतोय आणि तिकडे तू मनाला येईल तसं करतेस. मला एक फोन करता आला नाही?"

खाणीवर तुझा फोन लागत नाही, हे तू विसरलास. ती एवढंच म्हणाली, "बिट्टीचा ताप आज उतरला." तू ते ऐकलंस का रे? तू पुढे बोलतच राहिलास. तिने तुझं संपेपर्यंत ऐकलं, फोन ठेवला आणि आत गेली.

माझं मंगळवारचं पत्र तुझ्या हातात होतं. माझी वाक्यं मला ओळखू येणार नाहीत का? इतकी वर्षं मी सांगितलेली एक गोष्ट तू ऐकली नाहीस. ऐकलीस ती नेमकी ही.

मला वाटलं तिच्या हातातून फोन घ्यावा. हात पुढेही झाला होता. पण घेऊन काय बोलणार होते? जे बोलायचं ते तू माझ्याच तोंडचं घेऊन बोलत होतास.

आज सकाळी वॉर्डात जे झालं ते मी आज लिहिणार नाही. बिट्टीच्या खाटेवर आता ती एकटीच आहे. सूनबाईने तिला मधोमध निजवलेलं नाही, अजून एका कडेलाच ठेवलंय.

हे आणि कालचं, दोन्ही कागद उद्या ट्रकवाल्याकडे देईन.

आई


बुधवार, घर

लेका,

काल औषधवाल्याने रस्त्यापलीकडून हाक मारली, "आजी, लेकाचा फोन." मी हातातली पॅन्ट तशीच टाकून गेले. सुट्टी नसताना तू खाली उतरलास, म्हणजे दोन्ही पत्रं पोचली हे मी रस्ता ओलांडतानाच समजले.

दुकानात गर्दी होती, आणि सगळे खोकायचे थांबून ऐकत होते, म्हणून मला धड बोलता आलं नाही. तू माझ्याशी किती महिन्यांनी बोलत होतास. तू "आई" म्हणालास, मी "बोल" म्हटलं. तू विचारलंस, "बिट्टी?" मी म्हटलं, "सोमवारी घरी आणली. खाते, ओरडते. औषध अजून चालू आहे."

मग तू म्हणालास, "ती फोन उचलत नाही माझा."

"ठाऊक आहे. वाजला की बघते आणि पालथा घालून ठेवते."

"तू सांग ना तिला."

"मी तिला सांगायचं सोडलंय."

मग म्हणालास, "मुकादमाकडे रजा मागितलीय. येतो." मी "ये" म्हटलं आणि फोन औषधवाल्याच्या हातात दिला, कारण तो गल्ल्यावर दोन्ही कोपरं टेकून माझ्या तोंडाकडे बघत होता.

आता जे तिथे बोलता आलं नाही ते लिहिते. तू येण्याआधी तुला कळलेलं बरं.

त्या खाटेवरचा मुलगा शुक्रवारी सकाळी गेला. पलीकडचीचा. मी तेव्हा आत होते, सूनबाई तोंड धुवायला गेली होती. आदल्या दिवशी दूध पीत होता. सकाळी त्याचा श्वास आधी फार जोरात चालला, मग हळू झाला. मला वाटलं, बरं वाटतंय वाटतं, हळू झाला म्हणजे. मला एवढंच कळत होतं. सिस्टरला कळलं. ती धावली, डॉक्टरीणबाई आली, दोघींनी खूप केलं. छोट्याशा छातीवर दोन बोटांनी दाबत होत्या. बिट्टी त्याच खाटेवर, तिच्या पायांशी हे चाललेलं. ती मशीनकडे बघत पडली होती. मग डॉक्टरीणबाईने त्याच्या नाकातली नळी काढली.

पलीकडची ओरडली नाही. तिने आधी त्याच्या नाकाखालचा चिकटपट्टीचा डाग थुंकी लावून पुसायला घेतला. तो निघेना, ती पुसतच राहिली. सूनबाई आली आणि तिने तिचा हात धरला. मी पिशवीतून बिट्टीचं धुतलेलं दुपटं काढलं. घरून इस्त्री करून आणलं होतं, घडी मोडलेली नव्हती. त्यात त्याला गुंडाळून दिलं. दुसरं माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं.

तिचा नवरा दुपारी पोचला. हातात बिस्किटांचा पुडा. पोरगं बरं होऊन खात असेल असं त्याला वाटलं होतं. तो तिच्याशी बोलायच्या आधी माझ्याकडे आला. पांढरे केस बघून आला असेल. म्हणाला, "आजी, आम्हाला उशीर झाला का?"

तो तुझ्याच वयाचा असेल. मी म्हटलं, "तुम्ही आणलंत ना." धड खरं नाही, धड खोटं नाही. तो मान हलवत राहिला.

पलीकडची मला गेल्या बुधवारी सगळं सांगून बसली होती, सूनबाईचे केस विंचरता विंचरता. पोराला ताप आला तेव्हा तिने सासूला विचारलं. सासू म्हणाली, मामंजींना विचार. सासरे म्हणाले, त्याला कामावरून येऊ दे. नवरा आला, तर म्हणाला, थोरल्या भावाच्या कानावर घालू. भाऊ म्हणाला, गावातलं औषध संपू दे. कुणी वाईट नव्हतं यात. सगळ्यांना पोराची काळजी होती. शेवटी सगळे हो म्हणाले, तेव्हा ती निघाली. तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, जसं झालं तसं सांगितलं.

ती सगळ्यांना विचारून आली होती, लेका. एकालाही तिने दुखावलं नाही.

मी मंगळवारी तुला ते पत्र लिहीत होते, तेव्हा तुझी बायको त्या रांगेत उभी होती. आणि शुक्रवारी तू फोनवर बोलत होतास, तेव्हा ती त्या बाईला गाडीत बसवून नुकतीच परत आली होती. दुपट्याचं टोक बाहेर लोंबत होतं ते तिने आत खोचून दिलं होतं. त्यानंतर तिने तुझा फोन घेतला. एवढं तुला माहीत असू दे.

इस्त्रीचं टेबल मी बाहेर काढलंय. शिंपिणीच्या नवऱ्याने भिंतीला लाकडं ठोकून वर पत्रा टाकून दिला. धूर आता रस्त्याला जातो, ऊन माझ्या मानेवर येतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देतो. पुढची खोली रिकामी झाली, तर ती एवढी मोठी निघाली की आम्ही दोघी बघतच राहिलो. सूनबाईने भिंती घासल्या, तीनदा पाणी बदललं तरी काळंच. तू जिंकलास असं समजू नकोस. दुकान मी विकणार नाही, नुसतं दाराबाहेर नेलंय. आणि औषधवाल्याला सांगितलं, पोरांच्या छातीला यापुढे लाल-पिवळं देण्याआधी झबलं वर करून बघत जा. तो रागावला. सोमवारपासून बोलत नव्हता, पण तुझा फोन आला तेव्हा हाक मारलीच त्याने.

सूनबाईशी मी यावर फार काही बोलले नाही. माफी वगैरे आपल्या घरात कधी कुणी मागितली नाही, कशी मागतात तेही मला ठाऊक नाही. सोमवारी बसमधून येताना बिट्टी माझ्या मांडीवर झोपली होती. तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हटलं, "पुन्हा असं काही झालं तर मला विचारू नकोस. नुसती हाक मार, मी येते बरोबर."

ती म्हणाली, "तिथे येऊन भांडाल."

"भांडेन. वॉचमनची ओळख झालीय आता."

ती हसली. मोठ्याने नाही. तिचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर आहेत, हे मला त्या दिवशी दिसलं. लग्न होऊन किती वर्षं झाली तुमचं.

बिट्टी वाळलीय, गाल गेलेत. पण सकाळी सुरू होते ती थांबत नाही. दिवसातून कितीदा तरी मी कोळसे सोडून आत येते, हात धुते आणि तिचं झबलं वर करून छाती बघते. डॉक्टरीणबाईने सांगितलंय म्हणून नाही. मला बघावंसं वाटतं. तिला वाटतं आजी गुदगुल्या करणार, म्हणून ती मी हात लावायच्या आधीच हसायला लागते, आणि पोट असं उडतं की मला काही नीट दिसतच नाही. मग ती दमून थांबेपर्यंत मी थांबते.

तू येतोयस. ये. आल्या आल्या मला नमस्कार करायला बाहेर टेबलापाशी थांबू नकोस, सरळ आत जा. आपलं भांडण कुठे पळून जात नाही. आत गेल्यावर उभ्याने बोलू नकोस, तिच्यासमोर खाली बस. बिट्टीला लगेच उचलून घेऊ नकोस, तिच्या आड लपशील तू. तुझ्या बायकोला बोलायला वेळ लागतो. मला हॉस्पिटलच्या अंगणात कळलं ते. तू काही विचारू नकोस, समजावू नकोस, दगड फोडून दमलोय वगैरे सांगू नकोस.

ती बोलायला लागेपर्यंत उठू नकोस.

आई